जर्मनीचे डॉइचलांड-तिकीट : शनिवार-रविवारच्या भटकंतीसाठी दोन वर्षे वापरल्यानंतर

युरोपात शिकायला आलेल्या आपल्याकडच्या मुलांच्या मनात शनिवार-रविवारचे एक ठरलेले चित्र असते : शुक्रवारी रात्री स्वस्तातले विमान पकडायचे, दोन दिवस पॅरिस किंवा रोम पाहायचे आणि सोमवारी सकाळी वर्गात हजर व्हायचे. म्युनिकला पदव्युत्तर शिक्षण घेताना पहिल्या काही महिन्यांत मीही ते केले. मात्र वीस-पंचवीस युरोंचे ते विमान सुटते मेमिंगेनहून, म्हणजे म्युनिकपासून शंभरेक किलोमीटरवरून. आणि पॅरिसची स्वस्त विमाने अनेकदा उतरवतात बोव्हेला, जिथून शहर आणखी ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर दूर आहे. बसचे भाडे, सामानाचे वेगळे पैसे आणि वाया गेलेले तास धरले, तर स्वस्त म्हणावे असे त्यात फारसे उरत नाही. त्यानंतर माझे बहुतेक शनिवार-रविवार ज्या एका तिकिटावर गेले, त्याविषयी नव्याने येणाऱ्यांसाठी सविस्तर लिहीत आहे.

डॉइचलांड-तिकीट हा महिन्याचा पास आहे. मुंबईच्या लोकलचा पास साऱ्या देशातल्या लोकल, पॅसेंजर गाड्या, मेट्रो, ट्राम आणि शहर बसला चालला असता, तर जसे झाले असते, तशी ही सोय आहे. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झाले, जानेवारी २०२५ पासून ५८ युरो आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाले. विद्यार्थ्यांना पूर्ण किंमत सहसा द्यावी लागत नाही. अनेक विद्यापीठांत ते सत्राच्या शुल्कातच सवलतीने मिळते. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात विद्यार्थ्यांसाठी वेगळे सवलतीचे तिकीट असून मी घेतले तेव्हा ते दरमहा २९ युरोंना होते. ज्या तिकिटावर रोज कॉलेजला जायचे, त्याच तिकिटावर शनिवारी डोंगरात जाता येते, म्हणजे सहलीच्या प्रवासाचा वेगळा खर्च जवळजवळ शून्य.

पण स्वस्ताईपेक्षाही मला मोलाचे वाटले ते स्वातंत्र्य. आधी आरक्षण करायचे नाही, ठरावीक गाडीला बांधून घ्यायचे नाही. सकाळी खिडकीतून आभाळ पाहायचे आणि मग ठरवायचे की आल्प्सच्या बाजूला गार्मिशला जायचे की पाऊस असल्यामुळे न्यूर्नबर्गची संग्रहालये पाहायची. वाटेतले एखादे गाव आवडले म्हणून उतरलो, तासाभराने पुढची गाडी पकडली, असे मी कितीदा तरी केले आहे.

या तिकिटाने दाखवलेल्या गावांत पासाऊ मला सर्वांत प्रिय आहे. म्युनिकहून थेट गाडीने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. इथे डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात. माझे लहानपण कराडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाजवळ गेले, त्यामुळे संगमाच्या टोकाशी उभे राहिलो आणि बराच वेळ हललोच नाही. आल्प्सच्या बर्फाचे पाणी आणणारी इन फिकट हिरवी, दलदलीच्या मातीतून येणारी इल्झ काळसर आणि मधली डॅन्यूब या दोन्हींहून वेगळी. तिन्ही पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहते आणि रंगांची सीमा डोळ्यांना स्पष्ट दिसते. जुन्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर पुराच्या खुणा वर्षांसह नोंदल्या आहेत. २०१३ च्या पुरात पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढले होते, ती खूण माझ्या डोक्याच्या बरीच वर होती आणि १५०१ ची त्याहूनही उंच. सांगली-कराडकडच्या माणसाला अशा भिंतीसमोर काय वाटते, ते वेगळे सांगायला नको. पॅरिसच्या दोन दिवसांच्या धावपळीत अशी एकही जागा मला सापडली नव्हती.

हे तिकीट सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या मुख्य स्थानकापर्यंत चालते, हे अनेकांना माहीत नसते. तिथल्या शहर बसला ते चालत नाही, पण मोझार्टचा १७५६ मध्ये जिथे जन्म झाला ते घर स्थानकापासून वीस-पंचवीस मिनिटांच्या पायी वाटेवर आहे. परतताना जर्मन पोलीस गाडीत कागदपत्रे तपासू शकतात. त्यामुळे मूळ पासपोर्ट आणि निवास परवान्याचे कार्ड दोन्ही जवळ ठेवावे, फोनमधल्या फोटोवर विसंबू नये.

आता मर्यादांविषयी. आयसीई आणि आयसी या वेगवान गाड्यांना हे तिकीट चालत नाही. म्युनिक ते बर्लिन आयसीईने साधारण चार तासांचे अंतर आहे. प्रादेशिक गाड्यांनी, तीन-चार वेळा गाडी बदलत, नऊ-दहा तास जातात. दोन दिवसांच्या सुटीत हा प्रवास करू नये. मी एकदा केला आणि रविवारी रात्री एक जोडगाडी चुकल्याने एका लहानशा स्थानकावर थंडीत दीड तास बसून राहिलो. उशीर झाला म्हणून याच तिकिटावर वेगवान गाडीत बसण्याची मुभाही मिळत नाही. त्यामुळे एका बाजूला दोन ते अडीच तास, एवढाच पल्ला मी या तिकिटासाठी योग्य मानतो, आणि परतीसाठी शेवटची गाडी कधीच धरत नाही. तिच्या आधीची धरतो.

दुसरी काळजी डब्याची. बव्हेरियात काही गाड्या वाटेत विभागल्या जातात आणि त्यांचे भाग वेगवेगळ्या गावांना जातात. टेगर्नझे या गावाला निघालेलो मी पुढच्या-मागच्या भागाची पाटी न वाचता बसलो आणि गाडी शाफ्टलाख स्थानकात विभागल्यावर लेंगग्रीस या भलत्याच गावी पोहोचलो. चढण्यापूर्वी डब्यावरचे गावाचे नाव वाचायचे, ही सवय मला त्या दिवशी लागली. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून जेवणाचा डबा घरूनच न्यावा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस उत्तम टिकते.

ज्यांना महिन्यातून एकदाच आणि तीन-चार मित्रांसह बव्हेरियातच फिरायचे आहे, त्यांनी दिवसाचे बायर्न-तिकीट घ्यावे. ते पाच जणांपर्यंत एकत्र काढता येते आणि माणशी खर्च बराच कमी पडतो. फक्त सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालते. एकट्याने, दर आठवड्याला आणि मनाला येईल तिथे जाणाऱ्यासाठी मात्र डॉइचलांड-तिकिटाला मला पर्याय दिसत नाही.

घेताना एवढे ध्यानात असू द्यावे की साधे डॉइचलांड-तिकीट दरमहा आपोआप पुढे चालू राहते. सुटीत भारतात जाणार असाल, तर निघण्याच्या महिन्यात १० तारखेपर्यंत ते रद्द करावे. माझ्या खोलीसोबत्याने ११ तारखेला केले आणि पुण्यात घरी बसून पुढच्या महिन्याचे पैसे भरले.