‘लेझर गेलाय’ म्हणत ३,८५० रुपये उकळले

डीव्हीडी रेकॉर्डर कुरकुरतोय आणि कुणी म्हणालं ‘लेझर गेलाय’, तर पाकिटात हात घालण्याआधी हे वाचा. माझे ३,८५० गेले. ३,२०० लेझरचे, ६५० मजुरी. बदललं काहीच नाही.

मशीन विकतच्या सिनेमाच्या डिस्क बिनतक्रार वाजवत होतं, फक्त कोऱ्या डिस्कवरचं रेकॉर्डिंग अर्ध्यात सोडायचं. लेन्सवर धूळ बसली की हेच होतं. वाचायला लागते त्याहून कितीतरी जास्त ताकद लिहायला लागते, म्हणून आधी रेकॉर्डिंग बोंबलतं. दुरुस्तीवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं. तरी चेहरा पाडून म्हणाला, “मॉडेल बंद झालंय साहेब, पार्ट मागवावा लागेल.” घरच्या जुन्या कॅसेट डिस्कवर उतरवायच्या राहिल्या होत्या. म्हटलं, मागवा.

मशीन परत देताना त्याने ‘जुना लेझर’ पिशवीत घालून हातात ठेवला. प्रामाणिकपणाचा पुरावा! त्यावर ढळढळीत छापलं होतं, केएसएस-२१३. हा ऑडिओ सीडी प्लेयरचा पिकअप, म्हणजे लेझर आणि लेन्स बसवलेला भाग. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेझर लागतो, सीडीचा ७८०चा. माझ्या मशीनमध्ये हा पार्ट कधी असणंच शक्य नाही. मी तो नंबर मोठ्याने वाचला, आणि तो म्हणतो, “हो, तोच!” मशीनला स्पिरिटचा वास येत होता, तोही नाकात गेला होता. पण समोर रेकॉर्डिंग करून दाखवल्यावर कुठलं गिऱ्हाईक पार्टनंबर ताडत बसतं? मलाच सांगा.

पुढे रेकॉर्डिंग पुन्हा अडलं. “आता बोर्ड गेलाय, २,४०० होतील.” तिथे माझं डोकं सटकलं. ओळखीतल्या एका जाणत्याने ड्राइव्हचं झाकण काढलं. लेन्सच्या मधोमध पुसल्याचा गोल, कडेला जुनी धूळ तशीच चिकटलेली, आणि पिकअपच्या स्क्रूंवरचे कारखान्यातले रंगाचे ठिपके अभंग, म्हणजे स्क्रू कधी फिरवलेच नव्हते! कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, अगदी हलका हात, झालं काम. जोर लावू नका, ती इवलीशी लेन्स बारीक तारांवर तरंगती असते. थिनर, अ‍ॅसिटोन तर अजिबात नको, प्लॅस्टिकची लेन्स कायमची धुरकट होते. आणि प्लग काढल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही.

आता तक्रारीचं ऐका. ग्राहक तक्रार कक्षातली बाई म्हणाली, “मशीन चालतंय ना? मग तक्रार कसली?” अहो, दुसऱ्याने पुसलं म्हणून चालतंय! पार्ट टेबलावर ठेवला तर, “हा त्यांनीच दिला कशावरून?” बिलावर नुसतं ‘रिपेरिंग’, म्हणून म्हणे केस कच्ची. बिल लिहिलं त्यानेच, आणि कच्चं ते माझं! पोलीस म्हणतात ग्राहकवाल्यांकडे जा, ग्राहकवाले म्हणतात फसवणूक आहे ना, मग पोलिसांत जा. पोचपावती मागितली तर “साहेब जागेवर नाहीत”. वर एकाने तोंडावर ऐकवलं, एवढ्याशा रकमेसाठी कोण एवढं धावतं? नेमका याच हिशोबावर तर या लोकांचा धंदा चालतो.

पार्टचा नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे हातावर ठेवू नका. मशीन देण्याआधी स्क्रूंचे फोटो काढून ठेवा. ‘सील तुटेल’ म्हणून झाकण उघडून दाखवायला जो नकार देतो, त्याच्याकडून मशीन तसंच उचला. माझा अर्ज ‘विचाराधीन’ आहे. बोर्डाचे २,४०० मात्र त्याला मिळाले नाहीत.