पर्यावरणशास्त्र की आंतरविद्याशाखीय पर्यावरण अभ्यास?

पदवीला पर्यावरण घ्यायचं हे ठरलं असेल, तर पुढचा पेच हाच. मी एक वर्ष पर्यावरणशास्त्र शिकलो आणि मग आंतरविद्याशाखीय, म्हणजे विज्ञानासोबत धोरण, कायदा, समाज असं सगळं एकत्र शिकवणाऱ्या, अभ्यासक्रमाकडे वळलो, म्हणून अनुभवाचं तेवढं सांगतो.

पर्यावरणशास्त्रानं हाताला वळण लावलं. नमुन्याची बाटली आधी त्याच पाण्यानं विसळायची, बर्फात ठेवून आणायची, ब्लँक, म्हणजे तुलनेसाठी शुद्ध पाण्याचा नमुना, लावल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. ही शिस्त दुसरीकडे इतकी मिळत नाही, हे मान्यच करायला हवं.

पण एक गोष्ट खुपत राहिली. विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे युरियासारख्या खतांमुळे पाण्यात उतरणारं नत्राचं संयुग, मोजायचा प्रकल्प होता. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम. आमच्या काही विहिरी तिच्या बऱ्याच वर निघाल्या. इतकं नायट्रेट तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घटवू शकतं. अहवालाच्या शेवटी मी एक परिच्छेद लिहिला: शेतात गरजेपेक्षा जास्त युरिया का पडतो, तो स्वस्त ठेवण्याचं धोरण कुठून येतं, त्या विहिरीचं पाणी कोण पितं. सरांनी त्यावर लाल रेघ मारली: ‘विषयाबाहेर’. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, चौकटच तशी होती. पुढच्या सत्रात हवेतली धूळ मोजली, तेव्हाही तेच झालं. मला ते सहन होईना.

नव्या अभ्यासक्रमात एलिनॉर ऑस्ट्रॉम वाचायला मिळाल्या. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या या बाई मूळच्या राज्यशास्त्राच्या, आणि त्यांचा १९६५ चा प्रबंध कॅलिफोर्नियातल्या भूजलावरचा! बेसुमार उपशामुळे समुद्राचं खारं पाणी आत शिरत होतं, तेव्हा पाणी उपसणाऱ्यांनीच वाटाघाटी करून उपशाला लगाम कसा घातला, याचा तो अभ्यास. भूगर्भ, कायदा आणि माणसांचा एकमेकांवरचा अविश्वास, सगळं एकत्र.

इथंही उणिवा आहेत. बऱ्याच विषयांची नुसती तोंडओळख होते, संख्याशास्त्र मला स्वतःच शिकावं लागलं. प्रयोगशाळेतच रमणाऱ्यानं बहुधा पर्यावरणशास्त्रच घ्यावं. बाकीच्यांनी प्रवेशाआधी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पाहावा. दोन विभागांचे शिक्षक मिळून तो तपासत असतील, तर मी तरी फार विचार करणार नाही. नुसत्याच प्राथमिक पेपरांची मोळी बांधलेली असेल, तर मात्र थांबावं.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मी तो खोडलेला परिच्छेद पुन्हा घेतला. त्याची चाळीस पानं झाली.