फुकटच्या छपराचे ९,००० डॉलर

एप्रिलमधल्या त्या रात्री आम्ही चौघं जिन्याखालच्या कपाटात बसून होतो आणि वर कुणीतरी बादल्या भरभरून दगड ओतावेत तसा आवाज चालला होता. डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. वादळ थांबल्यावर लॉनवर लिंबाएवढ्या गारांचा सडा पडला होता. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत दारात एक हसतमुख तरुण हजर, अंगात पोलो शर्ट आणि खांद्यावर शिडी.

"सर, फ्री इन्स्पेक्शन." पुढच्या गल्लीतल्या एका देशी घराच्या अंगणात त्यांच्या छपराच्या कंपनीचा बोर्ड पाहिला होता. तेवढ्यावर मी विश्वास टाकला. वर जाऊन वीस मिनिटांत तो फोटो घेऊन आला. आमच्या कंपोझिशन शिंगल्सवर, म्हणजे फायबरग्लासच्या थरावर डांबर आणि वर रंगीत दाणे असं जे छप्पर इकडे सगळीकडे असतं त्यावर, जागोजागी खडूने गोल केलेले. मार खरा होता, त्यात खोट नव्हती. वरच्या पत्र्याच्या व्हेंटलाही खळगे पडले होते. मग त्याने टॅबलेट पुढे केला. "ही फक्त तपासणीची परवानगी." मी बोटाने सही केली. क्लेम मंजूर झाला तर काम यांनाच द्यावं लागेल, असं त्यात होतं. दारावर येऊन केलेला असा सौदा सहसा तीन कामकाजाच्या दिवसांत मोडता येतो, हे मला महिन्याभराने कळलं.

आता हिशेब सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे. घराचा विमा साडेचार लाख डॉलरचा आणि गारांसाठी डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः भरायचा वाटा, विम्याच्या रकमेच्या २ टक्के, म्हणजे ९,००० डॉलर माझ्या खिशातून. छपराचे मंजूर झाले १९,०००. त्यातून घसाऱ्याचे ५,००० काम पूर्ण होईपर्यंत राखून ठेवले, डिडक्टिबल वजा केलं आणि पहिला चेक आला ५,००० चा. तो शिडीवाला रूफर, म्हणजे छप्पर बसवणारा, म्हणाला, "तुम्ही फक्त दोन्ही चेक आम्हाला द्या. डिडक्टिबलचं आम्ही बघून घेतो. शिवाय साध्या शिंगल्स नाही, क्लास ४ टाकतो."

क्लास ४ म्हणजे गारांना सर्वांत जास्त टिकणाऱ्या. दोन इंची पोलादी गोळा वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात, तडा गेला नाही तरच हा दर्जा मिळतो. त्या लावल्या तर इकडच्या बऱ्याच विमा कंपन्या हप्त्यात सूट देतात. म्हणजे १९,००० चं काम, तेही महागड्या मालाचं, तो १०,००० त करणार होता. उरलेले ९,००० कुठून येणार, हा प्रश्न मला, आयुष्यभर एक्सेलमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसाला, पडू नये? पडला होता. मी तो बाजूला सारला.

काम एका दिवसात उरकलं. मी आत मीटिंगमध्ये, डोक्यावर नेलगनची टकटक. संध्याकाळी त्याने बिल आणलं. त्यावर 'डिडक्टिबलसह पूर्ण रक्कम मिळाली' असं छापलेलं. "हे इन्शुरन्सला पाठवा, दुसरा चेक येईल." मी सही करून पाठवलंही.

महिन्याभराने सवलतीसाठी विमा कंपनीला फोन केला. त्यांनी रूफरने भरून सही केलेला क्लास ४ चा फॉर्म मागितला. रूफरचं "उद्या पाठवतो" सुरू झालं. शेवटी गॅरेजच्या कोपऱ्यात त्यांनीच टाकून दिलेलं अर्धं बंडल ओढून काढलं आणि त्याचं प्लॅस्टिकचं वेष्टन चारही बाजूंनी वाचलं. क्लास ४ चा उल्लेख कुठेही नव्हता. साधा माल.

पैसे देऊन एक स्वतंत्र इन्स्पेक्टर वर चढवला. शिंगलवर खिळ्यासाठी पट्टा आखलेला असतो, तिथे दोन्ही थर एकावर एक येतात. आमचे खिळे त्याच्या वर दीड-दोन इंच, म्हणजे एकाच थरात, आणि खालच्या शिंगलचं डोकं मोकळंच. चिमणीभोवतीचं फ्लॅशिंग, म्हणजे पाणी आत शिरू नये म्हणून लावतात तो पत्रा, जुनंच, वर रंग मारलेला. कडेला पहिल्या ओळीखाली लावायची स्टार्टर पट्टी गायब. माझे ९,००० डॉलर त्याने माझ्याच छपरातून काढून घेतले होते.

रूफरला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "सर, डिडक्टिबल तुम्ही भरलेलं नाही आणि भरल्याच्या कागदावर तुमची सही आहे. इन्शुरन्सला सांगायचं का?" त्यानंतर नंबर बंद. ट्रकला परराज्याची प्लेट होती. टेक्सासमध्ये रूफरला राज्याचा परवाना लागतच नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही. डिडक्टिबल माफ करणं मात्र २०१९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. तो त्याचा, पण खोट्या बिलावरची सही माझी.

दोन आठवडे झोप नव्हती. कोकणातल्या घराची शाकारणी आठवायची. आजोबा मे महिन्यात अंगणात पाटावर बसून एकेक मंगलोरी कौल बोटाच्या पेराने वाजवून घ्यायचे. बद्द आवाज आला की बाजूला. मी एक वेष्टन वाचलं नाही.

शेवटी वकिलाला भेटून विमा कंपनीला सगळं खरं कळवलं आणि दुसऱ्या चेकचे ५,००० परत केले. इथल्याच एका जुन्या रूफरकडून कडा, फ्लॅशिंग आणि पश्चिमेचा उतार स्वखर्चाने नीट करून घेतला. शिंगलचं नाव, दर्जा आणि खिळे किती हे करारात लिहून घेतलं. त्या दिवशी सुट्टी काढून ड्राइव्हवेत खुर्ची टाकली आणि प्रत्येक बंडल फोडायच्या आधी वाचलं. कामगार हसत होते. हसू देत.

परवा पुन्हा गारा झाल्या. शेजारच्या तमिळ कुटुंबाच्या दारात शिडीवाला दिसला तसा मी ते जुनं वेष्टन घेऊन गेलो. तो निघून गेल्यावर शेजाऱ्याने हळूच विचारलं, "पण तो डिडक्टिबल सोडतो म्हणाला, ते?"

मी म्हटलं, आधी कॉफी ठेव, वेळ लागेल.