राणीछाप म्हणून घेतलेले अकरा रुपये

आईकडे लक्ष्मीपूजनाला मांडायचे अकरा राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चेहरा असलेले चांदीचे, रुपये होते. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी ते मोडावे लागले. त्याला बरीच वर्षं झाली, पण दर दिवाळीला पाटावर नोटा मांडताना तिच्या तोंडून त्या रुपयांचा विषय निघतोच. म्हणून या वेळी पुण्याला भाच्याकडे गेले तेव्हा मुद्दाम रविवार धरला आणि जुना बाजार गाठला.

मंगळवार पेठेतला हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. पान्हे, ड्रिल मशीनं, बंद पडलेली घड्याळं, समया, बुटांचे ढीग, सगळं पथारीवर मांडलेलं. मागे एकदा मी तिथूनच अडकित्ता घेतला होता. "ताई, खिळा ढिला आहे, ठोकून घ्या," असं त्या माणसाने आपणहून सांगितलं होतं. त्यामुळे मी सगळ्या बाजाराला नावं ठेवत नाही. मला फसवलं ते एका पथारीवाल्याने आणि त्याच्या दोन साथीदारांनी, आणि ते कसं फसवलं हे नीट कळावं म्हणून लिहिते आहे.

मी नाणी बघते आहे हे पाहून पथारीवाल्याने आवाज खाली आणला. गावाकडे वाडा पाडताना भिंतीत गाडगं सापडलं, त्यातले हे रुपये. "मावशी, कुणाला बोलू नका, सरकारजमा होतं." तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या टोपीवाल्या काकांनी भिंग काढलं, एक रुपया निरखला आणि म्हणाले, "बंदा रुपया आहे. सगळे मलाच दे." तिसरा एक तरुण मागून घाई करायला लागला. दोन मिनिटांत मला असं वाटायला लागलं की आईचे रुपये माझ्या डोळ्यांदेखत दुसराच कुणीतरी नेतो आहे.

तरी मी रुपया वाजवून पाहिला. १८६२ सालचा होता. कट्ट्याच्या दगडावर टाकला तर छान, लांबत जाणारा आवाज आला. लहानपणापासून कानात बसलेला आवाज तो, चुकायची नाही मी. पण तो रुपया त्याने "मोजायला" म्हणून परत घेतला, आणि मी तो दिला. चूक झाली ती इथे. पथारीच्या कडेला त्याने अकरा रुपये मोजले, वर्तमानपत्रात गुंडाळले, दोरा बांधला. सातशेला एक म्हणत होता, सगळे मिळून सात हजारांवर आला. ऑनलाइन नको, रोखच हवे होते. भाचा म्हणाला, "मावशी, घरी जाऊन विचार करू." त्याचं ऐकायला हवं होतं.

पुडी सोडली ती थेट गावच्या सोनारदादांकडे. त्यांनी एक रुपया काट्यावर ठेवला तर नऊ ग्रॅम आणि वर थोडं. दुसरा ठेवला, तेवढाच. रुपया जुन्या एका तोळ्याच्या भाराचा असतो, ११.६६ ग्रॅम. झिजलेला असला तरी इतका उतरत नाही. मग त्यांनी अकराही ओळीने मांडले आणि मला वाकून बघायला सांगितलं. राणीच्या कानामागे, टाचणीच्या टोकाएवढा एक खड्डा. अकराही नाण्यांवर, त्याच जागी. एकाच साच्यात ओतलेले. खऱ्या रुपयाच्या कडेला बारीक, सरळ दाते असतात. यांच्या कडेवर कानस मारून जोड लपवलेला दिसत होता. एक कापला तर आतून पिवळट निघाला. मी वाजवलेला रुपया त्यात नव्हताच.

भावाचं गणितही त्यांनीच मांडलं. या रुपयात शंभरात जवळपास ९२ भाग चांदी असते. त्या दिवशीच्या भावाने नुसती चांदीच सातशेच्या वर जात होती. कुठला विकणारा चांदीपेक्षा स्वस्त रुपया देईल?

आणि ती गाडग्याची गोष्ट. जमिनीत सापडलेल्या धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, १८७८ सालचा तसा कायदाच आहे. म्हणून ती गोष्ट खरी वाटते, आणि म्हणूनच आपण चारचौघांना नाणं दाखवत नाही, फसल्यावर चौकीतही जात नाही. मीसुद्धा आठ दिवस गप्प होते. आईला तर अजून सांगितलेलं नाही. ती विचारते, "रविवारी कुठे गेली होतीस गं?" आणि मला उत्तर सुचत नाही.

कंपनी सरकारच्या नावाने खपवलं जाणारं रामदरबाराचं १८१८ सालचं नाणं कुणी दाखवलं तर हातच लावू नका. असं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. कंपनीच्या राजा-राणीचा चेहरा असलेल्या रुपयावर १८३५ किंवा १८४० एवढीच सालं येतात, तिसरं साल दिसलं की तिथून उठा. खिशात मावणारा छोटा काटा चारपाचशेला मिळतो, तो बरोबर ठेवा. प्रत्येक नाणं वेगळं तोला. आणि जे वाजवलं, जे तोललं, ते आपल्याच मुठीत राहू द्या, पैसे दुसऱ्या हाताने द्या.

पुढच्या बुधवारी मी भाच्याला घेऊन परत गेले. जागा दुसरी होती, पण माणसं तीच. टोपीवाले काका भिंग काढून "बंदा रुपया आहे" म्हणत होते, आणि समोर एक नवराबायको पाकीट उघडून उभे होते. मी त्या बाईंच्या शेजारी जाऊन माझा कापलेला रुपया त्यांच्या तळहातावर ठेवला. पथारी गुंडाळली जायला एक मिनिटही लागलं नाही.