तीन हजारांचं तिकीट कितीला पडतं? : मोठ्या कॉन्सर्टच्या ऑनलाइन विक्रीचं परीक्षण

सिनेमाचं तिकीट काढायला आपली तिकीट-ॲप चांगली आहेत, यात वाद नाही. खुर्ची निवडा, यूपीआयचा पिन टाका, दारावर क्यूआर दाखवा, झालं. तीच ॲप स्टेडियमभर मोठी कॉन्सर्ट विकायला बसली की मात्र सगळं बिनसतं. इथे परीक्षण आहे ते या दुसऱ्या सेवेचं : परदेशी बँड किंवा मोठा पंजाबी-हिंदी गायक, हजारो खुर्च्यांचं मैदान, ठरल्या मिनिटाला उघडणारी विक्री आणि बघता बघता हाऊसफुल्ल. पाचपैकी दोन तारे. त्यातलाही एक ॲपचा नाही, अडकलेले पैसे परत मिळावेत म्हणून नियम करणाऱ्या रिझर्व्ह बँकेचा आहे.

आधी बिल बघू. जाहिरातीत ‘३,००० पासून’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि कर वेगळा असेल तर ते बारीक अक्षरांत. समजा मूळ किंमत खरंच ३,००० आहे. पाचशे रुपयांवरच्या कॉन्सर्टच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५४०. वर ॲपची कन्व्हिनियन्स फी. ती प्रत्येक कार्यक्रमाला वेगळी असते. हिशेबापुरती आठ टक्के धरू, म्हणजे २४०. या फीवर पुन्हा १८ टक्के, ४३ रुपये २० पैसे. तिकीट पडलं ३,८२३ रुपये २० पैशांना. चौघांचे १५,२९२ रुपये ८० पैसे, आणि डोक्यात आकडा होता १२,०००. वरच्या ३,२९२.८० पैकी २,३३२.८० सरकारकडे जातात आणि ९६० ॲपकडे. शिव्या फीला बसतात, पण मोठा वाटा कराचा असतो, हे मान्य करायला हवं. (आयपीएलवाल्यांनी तर बोलूच नये : २२ सप्टेंबर २०२५ पासून तिथे ४० टक्के लागतात.)

तरीही राग फीचाच येतो, आणि तो बरोबर आहे. कर किती लागणार ते घरी बसून कागदावर मांडता येतं. फी मात्र खुर्च्या निवडून, नंबर टाकून, ओटीपी देऊन शेवटच्या पानावर पोचल्यावर कळते, आणि तोवर वर घड्याळ उलटं धावायला लागलेलं असतं. अशा वेळी कोण म्हणणार, ‘राहू दे, महाग आहे’? किंमत अशी हप्त्याहप्त्याने उघड करण्याला ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ज्या तेरा फसव्या युक्त्यांची नावं दिली, त्यांत ही आहे. न विचारता देणगी किंवा विमा बिलात घालून ठेवणं, म्हणजे ‘बास्केट स्नीकिंग’, तेही त्याच यादीत आहे. तेव्हा ‘पे’ दाबण्याआधी बिलाची प्रत्येक ओळ उघडून बघा. त्या ओळीपुढची खूण काढली की ती रक्कम बिलातून जाते. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून कार्यक्रमाच्या तिकिटाची फीसकट एकूण किंमत पहिल्यापासून दाखवणं सक्तीचं आहे. त्यासाठी काही मोठं तंत्रज्ञान लागत नाही, बेरीज लागते.

फी कशाची, हा प्रश्न वेगळाच. एक उत्तर ठरलेलं असतं : ऑनलाइन पैसे घेण्याचा खर्च. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत ते खरं आहे. पण यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे पैसे स्वीकारण्यासाठी बँकेला द्यायचा आकार, लागत नाही. फी मात्र यूपीआयने भरणाऱ्याला एक रुपयाने कमी होत नाही. दुसरं म्हणजे टक्केवारी. दोन हजारांचं तिकीट असो की तीस हजारांचं, क्यूआर तयार करायला सर्व्हरला तेवढेच कष्ट पडतात. चार तिकिटं एकाच व्यवहारात घेतली तरी फी चारदा लागते.

सिनेमाच्या फीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात बरीच वर्षं चालला. राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये आदेश काढून ऑनलाइन तिकिटावर अशी फी घ्यायला मनाई केली होती. १० जुलै २०२५ ला न्यायालयाने ते आदेश रद्द केले. सिनेमापुरतं ते पटतंही. ज्याला फी नको, त्याने थेटरच्या खिडकीवर जावं. पण स्टेडियमच्या कॉन्सर्टला बहुतेक वेळा खिडकीच नसते. विक्री एकाच ॲपवर, आणि तीही फक्त ऑनलाइन. पर्यायच ठेवला नाही तर सोय कशाची विकताय?

आता रांग. २२ सप्टेंबर २०२४, दुपारी बारा. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या जानेवारी २०२५ च्या कार्यक्रमांची विक्री बुकमायशोवर उघडली आणि साइट व ॲप कोसळलं. १८ आणि १९ जानेवारी जाहीर होते. मागणी बघून त्याच दिवशी २१ तारीख वाढवली. तिकिटं २,५०० पासून ३५,००० पर्यंत. लोकांच्या पडद्यावर रांगेतला नंबर लाखांत दिसत होता. तीन दिवसांच्या मिळून जागा किती आणि पुढे माणसं किती, हे ज्याला कळलं तो लगेच जेवायला गेला असेल.

ही रांग चालते कशी, हे माहीत असलं तर निम्मा मनस्ताप वाचतो. विक्रीच्या आधी थोडा वेळ ‘वेटिंग रूम’ उघडते. अशा व्यवस्थेत साधारणपणे वेळ झाली की आत असलेल्या सगळ्यांना यदृच्छेने नंबर वाटले जातात, त्यामुळे अर्धा तास आधी येऊन बसणाऱ्याला दोन मिनिटं आधी आलेल्यापेक्षा पुढचा नंबर मिळेलच असं नाही. बारानंतर येणारा मात्र सगळ्यांच्या मागे. पान रिफ्रेश केलं की नंबर जाऊ शकतो. एकाच खात्यावरून फोन, लॅपटॉप आणि टॅब असे तीन ठिकाणी घुसलात तर ती सत्रं एकमेकांवर आदळतात. घरातल्या चौघांनी आपापल्या खात्यातून, शक्यतो वेगवेगळ्या मोबाइल डेटावरून बसणं हा सरळ आणि नियमात बसणारा उपाय. व्हीपीएन (इंटरनेटवरचं आपलं ठिकाण लपवणारी सोय) बंद ठेवा. बॉट, म्हणजे आपोआप तिकिटं काढणारा प्रोग्राम, समजून बाहेर काढलं जाण्याची शक्यता असते.

तयारी आदल्या दिवशीच करून ठेवायची. लॉगिन करून ठेवा, नाव आणि ईमेल तपासा. कार्ड वापरणार असाल तर ते ॲपमध्ये आधीच जोडा आणि बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन व्यवहार चालू आहेत ना, मर्यादा पुरेशी आहे ना, ते बघा. यूपीआयची रोजची मर्यादा सर्वसाधारणपणे एक लाख. त्यात सकाळी घरभाडं गेलं असेल तर दुपारी महागड्या लाउंजची दोन तिकिटं अडकतील. किंमतींच्या दोन पायऱ्या मनात पक्क्या ठेवा. पहिली संपली तर लगेच दुसरी, नकाशावर बोट फिरवत बसायचं नाही.

पैसे गेले आणि तिकीट आलं नाही, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. कारण साधं असतं : बँकेने रक्कम वळती केली, पण ॲपकडे खातरजमा पोचेपर्यंत तिकिटं राखून ठेवण्याची वेळ संपली. इथे घाईघाईने पुन्हा पैसे भरण्याआधी ‘माय बुकिंग्ज’ बघा, नाहीतर दोनदा तिकीट निघतं आणि एक गळ्यात पडतं. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार असा पैसा व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत आला पाहिजे. पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. यूपीआय आणि ऑनलाइन कार्ड-व्यवहार दोन्हींना हे लागू आहे. सुरुवातीचा तारा याच्यासाठी.

आणि मग ब्लॅक. कोल्डप्लेच्या वेळी व्हियागोगोसारख्या परदेशी फेरविक्री साइटवर तिकिटांचे भाव लाखांच्या घरात गेले. आपला या साइटशी काही संबंध नाही, असं बुकमायशोने जाहीर केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईडीने मुंबई, दिल्ली, जयपूर, बंगळुरू आणि चंदीगडमध्ये छापे घातले. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरून चाललेली विक्री आणि खोटी तिकिटं समोर आली. अशा गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी नियम करावेत, अशी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली : हा धोरणाचा विषय, कायदा करायचा तर विधिमंडळाने आणि सरकारने करावा.

सगळा दोष बॉटवर ढकलणं सोपं आहे, पण धंद्याला बॉट लागतोच असं नाही. खातं मोबाइल नंबरवर निघतं. वीस सिम असली की वीस खाती, आणि खात्याला चार तिकिटांची मर्यादा असली तरी ऐंशी तिकिटं. प्रीसेल, म्हणजे सर्वांआधीची विक्री, बँकेच्या कार्डधारकांसाठी असेल तर कार्डं गोळा करायची. सर्वांत धीट प्रकार म्हणजे हातात एकही तिकीट नसताना जाहिरात टाकायची, तिप्पट पैसे घ्यायचे आणि मग तिकीट शोधायला निघायचं. मिळालं तर नफा, नाही मिळालं तर नंबर बंद. विक्री सुरू व्हायच्या आधीच फेरविक्री साइटवर ‘सेक्शन अमुक, रांग तमुक’ दिसलं तर तो हाच प्रकार. पीडीएफ किंवा क्यूआरचा फोटो दहा जणांना विकणं तर आणखी सोपं. दारावरचं यंत्र पहिल्या स्कॅनला हिरवं होतं, उरलेल्या नऊ जणांना लाल.

याला खतपाणी ॲपचे स्वतःचेच नियम घालतात. तिकीट परत होत नाही, बदलून मिळत नाही, बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावावर अधिकृतपणे करता येत नाही. चार महिने आधी काढलेलं तिकीट. मध्ये कुणाची परीक्षा येते, कुणाचं बाळंतपण, कुणाची बदली. त्या प्रामाणिक माणसाने तिकीट विकायचं कुठे? तोही इन्स्टाग्रामवरच जातो, आणि त्याच्यासारख्यांच्या गर्दीत भामटा सहज मिसळतो. ॲपमध्येच परतीची खिडकी उघडा, मूळ किमतीला तिकीट परत घ्या, जुना क्यूआर रद्द करून नवा काढा, प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला द्या. या कामाचे शंभर-दोनशे रुपये कुणीही आनंदाने देईल. हीच खरी कन्व्हिनियन्स. आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा करून मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने विकायला बंदी घातली. आपल्याकडे कायदा येईल तेव्हा येईल, ही खिडकी उघडायला कुणी अडवलेलं नाही.

ब्लॅक रोखणं जमतं, याचा पुरावा कोल्डप्लेच्याच दौऱ्यात होता. २२ नोव्हेंबर २०२४ ला ‘इन्फिनिटी’ तिकिटं निघाली : दोन हजारांना एक, दोनच घ्यायची, दोन्ही खुर्च्या शेजारी. खुर्ची कुठली ते आधी सांगायचं नाही. तिकीट खिडकीवर येऊन घ्यायचं, तिथेच कळणार. ज्याला जागाच ठाऊक नाही आणि हातात कागदही नाही, तो ब्लॅकने विकणार काय?

खिडकीवरून आठवलं : नाटकवाल्यांचं बरं चाललंय. शिवाजी मंदिर, गडकरी, बालगंधर्व यांसारख्या नाट्यगृहांत अजून खिडकीवर प्लॅन बघून तिकीट काढता येतं, आणि तिथे कन्व्हिनियन्स फी नाही. पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटीही नाही. ॲपवरून काढलं तर फी आणि फीवरचा कर लागतोच, मग तिकीट तीनशेचं का असेना. दादरला राहणाऱ्याने ॲपवर नाटकाचं तिकीट काढावं, हे कोडंच आहे. गाव लांब असेल तर गोष्ट वेगळी.

ब्लॅकने घेऊ नका, हे सांगून लोक ऐकत नाहीत, म्हणून निदान एवढं : आगाऊ यूपीआय करू नका, ‘अर्धे आता, अर्धे गेटवर’ हेही नको. क्यूआरचा स्क्रीनशॉट म्हणजे तिकीट नव्हे. ॲपमध्ये हस्तांतराची सोय असेल तर तिकीट तुमच्या खात्यात दिसल्यावरच पैसे द्या. फसलात तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तासाभरात केलात तर रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. कार्डाने दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागा. ॲपबद्दलची तक्रार, म्हणजे लपवलेली फी किंवा रद्द कार्यक्रमाची न परतलेली रक्कम, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. तिथे जाहिरातीतल्या किमतीचा आणि शेवटच्या पानावरच्या बिलाचा असे दोन स्क्रीनशॉट लागतील. दुसरा ‘पे’ दाबण्याआधीच काढून ठेवा, नंतर ते पान दिसत नाही.