कॉन्टेसा: फुल काळी की पांढरीवर लाल पट्टे?
नानांची जुनी कॉन्टेसा, आपल्याकडची मसल कारच म्हणा (1984 ते 2002 एवढीच वर्षं निघाली, मूळ डिझाइन इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचं), रंगवायची ठरली नि घरात दोन पार्ट्या पडल्या. मला फुल काळी पाहिजे, नानांना पांढरीवर बॉनेटपासून डिकीपर्यंत दोन लाल पट्टे.

काळी दिसते जबराट भो, पण जळगावचा मे महिना, 44-45 डिग्री, दुपारी पत्र्याला हात लागला की चटका, वरून काळ्यात पत्र्याची प्रत्येक लहर दिसते, लांबी (पत्रा सपाट करायची पुट्टी) जरा कमीजास्त घासली गेली की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाकडं दिसलंच समजा. पांढऱ्यात हे सगळं झाकलं जातं, नि उद्या केळीच्या ट्रॅक्टरनं घासलं तरी साधा सॉलिड रंग टचअपला लवकर मॅच होतो. पट्टे मात्र स्टिकरचे नको, उन्हानं कडा सुटतात. पेंटच करायचे नि वरून क्लिअर कोट (पारदर्शक थर), म्हणजे बोट फिरवलं तरी कड लागत नाही.

आरसीवर रंग पांढराच आहे, काळी केली तर आरटीओच्या चकरा वेगळ्या.

तरी रात्री लाइटखाली काळी कॉन्टेसा... जाऊ द्या, नाना जिंकले.