साड्यांची खरेदी: मुंबईहून की सुरतेहून?

दिवाळीचा माल भरायची वेळ आली की छोटे दुकानदार हटकून विचारतात, ‘परराज्यातून आणलं की टॅक्स जास्त बसतो ना?’ नाही बसत. एक लाखाच्या साड्यांवर मुंबईचा व्यापारी अडीच हजार सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि अडीच हजार एसजीएसटी (राज्याचा वाटा) लावतो, सुरतेचा सरळ पाच हजार आयजीएसटी (एका राज्यातून दुसऱ्यात विकल्यावर लागणारा). ५ टक्के ते ५ टक्केच. ही भीती जुन्या सीएसटीची, म्हणजे परराज्यातून आणलेल्या मालावरच्या केंद्रीय विक्रीकराची. जुलै २०१७ च्या आधी टॅक्स लागणाऱ्या मालावर सी फॉर्म (सवलतीचा फॉर्म) देऊनही २ टक्के सीएसटी लागायचा आणि त्याचा सेट-ऑफ, म्हणजे वजावट, नसल्यामुळे तो मालाच्या किमतीतच चढायचा.

आता उलट आहे. आयजीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेला टॅक्स विक्रीवरच्या टॅक्समधून वजा करणं) सीजीएसटीलाही चालतं, एसजीएसटीलाही. मुंबईच्या बिलातला सीजीएसटी मात्र एसजीएसटी भरायला चालत नाही.

गोची होते ती स्वतः सुरतेला जाऊन काउंटरवर माल घेतला की. घाईत बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी पडतो, तो गुजरातचा. महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट मिळत नाही, पाचही हजार गेले! म्हणून गठ्ठे बांधायच्या आधी बिल हातात घ्या. तुमचा २७ पासून सुरू होणारा जीएसटी नंबर, ‘प्लेस ऑफ सप्लाय’ (माल कुठल्या राज्यात पुरवला) समोर महाराष्ट्र आणि खाली आयजीएसटी, हे तिन्ही दिसलं पाहिजे. (सुरतेतल्या हॉटेलच्या बिलावरचा टॅक्स मात्र विसरा. खोली गुजरातेत, टॅक्सही गुजरातचा.)

ई-वे बिलात, म्हणजे माल वाहून नेताना लागणाऱ्या ऑनलाइन परवान्यात, मुंबई सोपी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंत ते लागत नाही, राज्याची हद्द ओलांडली की पन्नास हजारांच्या वर लागतं. ऐंशी हजारांचा माल असेल आणि भावात फारसा फरक नसेल, तर मी मुंबईच म्हणेन. मोठ्या खरेदीला सुरतेचा भाव भाड्यासकट परवडत असेल, तर टॅक्ससाठी अडू नका.

कंपोझिशनवाल्यांचं, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के टॅक्स भरायची योजना घेतलेल्या छोट्या दुकानदारांचं, गणित वेगळं. त्यांना क्रेडिटच नाही, त्यामुळे ५ टक्के दोन्हीकडे खर्चातच. त्यांनी जवळपासचा, चाळीस लाखांच्या आत उलाढाल असलेला, नोंदणी नसलेला विणकर आधी शोधावा. तो टॅक्स लावतच नाही. परराज्यात माल विकणाऱ्याला, हस्तकलेसारखे अपवाद सोडले तर, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. त्यामुळे तिकडून बिनटॅक्सचं बिल आलं, तर आधी त्याचा जीएसटी नंबर विचारा.